हरित हायड्रोजन आणि दारूच्या भट्टीचें जळण

हल्लीं वर्तमानपत्रांतून ‘हरित हायड्रोजन’ हा शब्द वारंवार वाचनांत येतो. केंद्र सरकारनें ४ जानेवारी २०२३ रोजीं या वायूसंबंधीं राष्ट्रीय मोहीम मंजूर केली व तीस १९,७४४ कोटि रुपयांची तरतूद दाखविली. त्याच सालच्या जुलै महिन्यांत महाराष्ट्र सरकारनेंही आपलें स्वतंत्र धोरण ठरविलें. विलायतेंत व जपानांत व्हिस्की गाळण्याच्या भट्टीखालीं तेल किंवा खाणींतील वायु न जाळतां हाच वायु जाळण्याचे प्रयोग चालू झाले आहेत, हेंही कांहीं वाचकांच्या कानीं आलें असेल. तेव्हां साखर कारखान्याचे सभासद असलेल्या शेतकऱ्यास साहजिकच प्रश्न पडतो कीं, आपल्या डिस्टिलरीसही हें नवें जळण लावावें काय? आणि ज्यांच्या जमिनी अशा योजनांसाठीं भाड्यानें मागितल्या जाण्याचा संभव आहे, त्यांस प्रश्न पडतो कीं, द्याव्या काय?

या दोन्ही प्रश्नांचा उलगडा आंकड्यांनीं करून पाहावा, एवढाच या लेखाचा हेतु आहे. मद्यपानाची भलामण करण्याचा आमचा विचार नाहीं. परंतु मळी शेतकऱ्याच्या उसाची आहे, धान्य त्याच्या शेतांतलें आहे, आणि कारखान्याचें भागभांडवलही त्याचेंच आहे. म्हणून भट्टीखालीं काय जळतें व त्याची किंमत कोण देतो, हें त्यास कळलेंच पाहिजे.

भट्टीस उष्णता कां लागते

दारू गाळणें म्हणजे आंबविलेल्या रसांतून मद्यार्क वेगळा काढणें. पाणी १०० अंशांवर उकळतें. मद्यार्क सुमारें ७८ अंशांवर उकळतो. आंबवण तापविलें म्हणजे मद्यार्काचा अंश आधीं वाफ होऊन वर जातो, व ती वाफ थंड केली कीं खालीं थेंब पडूं लागतात. खरी व्हिस्की करावयाची तर जव भिजवून त्यास मोड आणतात, ते वाळवून दळतात, कढत पाण्यांत त्याची साखर उतरवितात, ती आंबवितात, तांब्याच्या भांड्यांतून दोनदां गाळतात आणि मग ओक लाकडाच्या पिंपांत वर्षानुवर्षें मुरवितात. स्कॉटलंडांत निदान तीन वर्षें मुरविल्याखेरीज तीस व्हिस्की म्हणतां येत नाहीं. आपल्याकडे नाशिक जिल्ह्यांतील दिंडोरीस व गोव्यांतील कुंकळ्ळीस अशी जवाची व्हिस्की होते. पण देशांत व्हिस्की म्हणून खपणाऱ्या मालाचा मोठा भाग मळीच्या किंवा धान्याच्या शुद्ध मद्यार्कावर आधारलेला असतो. कांहींही असलें तरी मोड वाळविणें, पाणी तापविणें व गाळणें या तिन्ही कामांस उष्णता लागते. भट्टीचा एक मोठा खर्च जळणाचा. आणि हवेंत जाणारा धूरही मुख्यतः त्याचाच.

ठाणें जिल्ह्यास हा धंदा नवा नाहीं. मोहाच्या फुलांची दारू येथील जंगलपट्टींत पूर्वापार निघत असे. १८७८ च्या मुंबई आबकारी कायद्यानंतर ती सरकारी देखरेखीखालीं आली, उरणच्या भट्ट्या भरभराटीस आल्या, आणि १८९२ सालीं ठाणें व कुलाबा जिल्ह्यांकरितां मोहाच्या फुलांवर निर्बंध घालणारा निराळा कायदाच झाला. त्या काळच्या कायद्यांनीं फुलाचा व दारूचा हिशेब काटेकोर ठेवला. तिच्याखालीं जळालेल्या लाकडाची किंमत मात्र जंगलानें भरली. आज लाकडाच्या जागीं कोळसा किंवा तेल आलें, व ती किंमत साऱ्या जगाची हवा भरीत आहे. लहरी पाऊस व वाढता उष्मा यांच्या रूपानें तिचा कांहीं भाग शेतकऱ्याच्या पदरांतही पडतो. यास्तव जळण बदलावें हा विचार योग्यच आहे. प्रश्न आहे तो कोणतें जळण घ्यावें हा.

हा वायु काय आहे

हायड्रोजन हा सर्वांत हलका वायु. पाण्यांत तो प्राणवायूबरोबर बांधलेला असतो. आपल्या घरांत तो अप्रत्यक्षपणें फार दिवसांपासून येतो. कारण वनस्पती तूप करतांना पातळ तेलांत हाच वायु मिसळून तें थिजवितात. कल्याणजवळ शहाडसारख्या ठिकाणीं मिठाच्या पाण्यांतून वीज सोडून कॉस्टिक सोडा करतात, तेव्हांही एका टनामागें सुमारें २५ किलो हायड्रोजन जोडीनें निघतो. म्हणजे वस्तु जुनीच आहे. नवें आहे तें तिच्यापुढचें ‘हरित’ हें विशेषण.

बहुतेक हायड्रोजन आजही नैसर्गिक वायूपासून काढतात, व त्यांत एका किलोमागें नऊ-दहा किलो कर्बाम्ल वायु, ज्यास हल्लीं कार्बन डायऑक्साइड म्हणतात, हवेंत जातो. सूर्याच्या किंवा वाऱ्याच्या विजेनें पाण्याचें पृथक्करण केलें तर हा दोष उरत नाहीं. ऑगस्ट २०२३ मध्यें केंद्र सरकारनें ठरविलें कीं, एका किलोमागें २ किलोहून अधिक कर्बाम्ल वायु न निघाला तरच त्यास हरित म्हणावें. येथें एक गोष्ट नीट ध्यानांत धरावी. एक किलो हायड्रोजन काढण्यास सुमारें ५५ युनिट वीज लागते. तीच वीज नेहमींच्या तारांतून घेतली, तर आपल्या देशांत एका युनिटामागें सुमारें ७०० ग्रॅम कर्बाम्ल वायु निघतो. म्हणजे एका किलोमागें ३८ किलोंवर! अशा वायूस हरित म्हणणें हें नुसतें नांव होईल. हिरवेपणा वायूंत नसून त्यामागच्या विजेंत आहे.

परदेशांतील प्रयोग

स्कॉटलंडच्या पश्चिमेस आयला नांवाचें बेट आहे. तेथें व्हिस्कीचे अनेक कारखाने आहेत. पण नैसर्गिक वायूची नळी नाहीं, म्हणून तेल जहाजानें आणून जाळावें लागतें. ब्रिटिश सरकारनें २०२० सालीं भट्ट्यांचें जळण सुधारण्याकरितां स्पर्धा जाहीर केली. तींतून त्या बेटावरील ब्रुइकलॅडी या कारखान्यास हायड्रोजनच्या बॉयलरच्या प्रयोगासाठीं, व मुख्य भूमीवरील आर्बिकी या शेतावरच्या कारखान्यास हायड्रोजनच्याच योजनेसाठीं मदत मिळाली. जपानांत १९२३ सालीं स्थापन झालेल्या यामाझाकी कारखान्यानें २०२४ सालीं प्रायोगिक भट्टीखालीं केवळ हायड्रोजन जाळून दारू गाळून पाहिली. तेथें कांहीं भांडीं प्रत्यक्ष ज्योतीवर ठेवण्याची रीत आहे, आणि ज्योतीच्या आंचेनें चव बदलते असा त्यांचा अनुभव असल्यामुळें, वाफेऐवजीं ज्योत देणारें जळण त्यांस हवें होतें.

हे प्रयोग खोटे किंवा पोरकट नाहींत. ज्या बेटावर ऊस नाहीं, चिपाड नाहीं, जंगल बेताचें आणि वारा मात्र भरपूर, तेथें वाऱ्याच्या विजेचा वायु करणें समजण्याजोगें आहे. शिवाय वर्षानुवर्षें मुरविलेली महाग बाटली जळणाचा जादा खर्च सोसूं शकते. परंतु दुसऱ्याच्या शेतांत चांगलें उतरलें म्हणून तेंच बियाणें आपल्या जमिनींत पेरण्यापूर्वीं आपली जमीन पाहावी लागते.

आपल्याकडील हिशेब

आतां आपली भट्टी पाहूं. एक किलो हायड्रोजन बॉयलरखालीं जाळला तर साध्या पाण्याची सुमारें ४० किलो वाफ होते. तितकीच वाफ ओल्या चिपाडावर करावयाची तर सुमारें २० किलो चिपाड लागतें. भाताच्या गिरणींतील तूस घेतलें तर सुमारें १० किलो पुरतें. एक क्विंटल भात भरडला म्हणजे वीस किलोंच्या आसपास तूस निघतें. म्हणजे आमच्या शहापूर-मुरबाडच्या शेतकऱ्याच्या एका क्विंटल भातांत दोन किलो हायड्रोजनाइतकी उष्णता नुसती तुसाच्या रूपानें असते.

एक टन ऊस गाळला असतां २८० ते ३०० किलो चिपाड व ४० ते ४५ किलो मळी मिळते. त्या मळीपासून अदमासें १० लिटर मद्यार्क होतो, आणि तो गाळून शुद्ध करण्यास ३० ते ४० किलो वाफ लागते. म्हणजे त्याच उसाच्या चिपाडांतील पंधरा-वीस किलो एवढ्या कामास पुरेसें आहे. बाकीचें साखर करण्यास व वीज निर्माण करण्यास जातें. चिपाड जाळल्यानें जो कर्बाम्ल वायु निघतो तो उसानें त्याच हंगामांत हवेंतून घेतलेला असतो. पुढच्या लावणींत तो पुन्हां घेतला जातो. खाणींतल्या कोळशाची गोष्ट तशी नाहीं.

आतां पैशाचा आंकडा. वीज युनिटास ५ रुपये धरली तर एक किलो हायड्रोजनाची नुसती वीज २७५ रुपयांची होते. यंत्राचा घसारा, पाणी शुद्ध करणें व वायु दाबून साठविणें हें निराळेंच. चिपाडाचा भाव किलोस अडीच रुपये धरला तर तितक्याच वाफेचें चिपाड ५० रुपयांत येतें. हे भाव आम्हीं केवळ उदाहरणाकरितां धरले आहेत. वाचकांनीं आपापल्या गांवचे भाव घालून बेरीज करावी. निष्कर्ष फारसा बदलणार नाहीं.

कोणी म्हणेल, चिपाड नसेल तेथें काय? धान्यावर चालणाऱ्या डिस्टिलरीस स्वतःचें चिपाड नसतें, हें खरें. पण तेथेंही सूर्याची वीज हाताशीं असेल तर ती सरळ विजेच्या बॉयलरास द्यावी. ४० किलो वाफ २९ युनिटांत होते. तीच वीज आधीं पाणी फोडण्यास, मग वायु जाळण्यास वापरली तर ५५ युनिट जातात. विहिरीचें पाणी थेट पाटांत न सोडतां आधीं गळक्या टाकींत भरण्यासारखा हा प्रकार आहे. आणि त्याहूनही स्वस्त उपाय म्हणजे भांड्यांतून निघणाऱ्या वाफेची उष्णता फुकट न घालवितां दाबून पुन्हां कामास लावणें. जें जळण लागतच नाहीं त्यासारखें स्वस्त जळण नाहीं.

भट्टीच्या सांडपाण्याची किंमत

मळीचा मद्यार्क गाळून झाल्यावर एका लिटरामागें आठ ते बारा लिटर काळें सांडपाणी उरतें, ज्यास कारखान्यांत स्पेंटवॉश म्हणतात. तें तसेंच ओढ्यांत सोडलें तर मासे मरतात व विहिरी नासतात; हें साखरपट्ट्यांतील शेतकऱ्यांस सांगावयास नको. पण तेंच बंद टाकींत कुजविलें तर आपल्या गोबर गॅससारखा जळणारा वायु मिळतो. दहा लिटर मद्यार्काच्या सांडपाण्यापासून अडीच-तीन घनमीटर वायु निघतो, व त्यावर अठरा-वीस किलो वाफ होऊं शकते. म्हणजे गाळण्यास लागणाऱ्या वाफेचा निम्म्याच्या आसपास वांटा ज्या घाणीची भीति वाटते तिच्यांतूनच परत येतो. दुसरी रीत अशी कीं, सांडपाणी आटवून दाट करून तें विशेष बॉयलरांत जाळावें. त्याच्या राखेंत उसानें जमिनींतून उचललेला पालाश असतो; निदान शेंकडा १४.५ पालाश असलेलें खत म्हणून ती विकण्याची रीत आतां पडली आहे. तो पालाश शेतांत परत गेला पाहिजे. हायड्रोजनाच्या नादानें ही कामें मागें पडलीं तर भट्टी कागदावर हिरवी दिसेल, व ओढा काळाच राहील.

मग या वायूची जागा कोठें

येथवर वाचून कोणास वाटेल कीं आम्ही या वायूच्या विरुद्ध आहोंत. तसें नाहीं. शेतकऱ्यास हायड्रोजन हवाच आहे. तो भट्टीखालीं नव्हे, खताच्या गोणींत. अमोनिया म्हणजे हवेंतील नत्र व हायड्रोजन यांचा संयोग, आणि अमोनियापासून युरिया होतो. ४५ किलोच्या एका गोणीमागें सुमारें साडेचार किलो हायड्रोजन लागतो. आपल्या किनाऱ्यावरील तुर्भें व थळ येथील राष्ट्रीय केमिकल्सच्या कारखान्यांत तो नैसर्गिक वायूपासून काढतात, आणि देशास लागणाऱ्या या वायूचा मोठा भाग परदेशांतून येतो. तिकडे लढाई झाली कीं इकडे सरकारच्या अनुदानाचा बोजा वाढतो. शेतकरी गोणीस २६६ रुपये ५० पैसे देतो. खरी किंमत तिच्या कित्येक पटींनीं असते, व ती सरकारी तिजोरींतून जाते.

वाफ करण्यास चिपाड, तूस, कुजविलेला वायु, सरळ वीज असे चार मार्ग आहेत. अमोनिया करण्यास मात्र हायड्रोजनावांचून गत्यंतर नाहीं. दुर्मिळ वस्तु जेथें तिच्यावांचून अडतें तेथें वापरावी, हा घरांतल्या साध्या गृहिणीचा न्याय आहे. हा मार्ग आपल्या देशास अपरिचितही नाहीं. १९६१ सालीं पंजाबांत नांगल येथें भाक्रा धरणाच्या विजेनें पाणी फोडून खत करण्याचा मोठा कारखाना सुरू झाला होता. पुढें तो इतर इंधनांकडे वळला. २०२५ सालीं खत कारखान्यांसाठीं हरित अमोनिया घेण्याचे लिलाव भारतीय सौर ऊर्जा महामंडळानें केले आहेत, ही आमच्या मतें योग्य दिशा होय.

भट्टीचा व खताचा एक संबंध मात्र लक्षांत घेण्याजोगा आहे. युरियास अमोनियाबरोबर कर्बाम्ल वायुही लागतो. नैसर्गिक वायूपासून हायड्रोजन काढतांना तो आपोआप मिळतो. पाणी फोडून काढतांना मिळत नाहीं. उलट डिस्टिलरींत रस आंबतांना एका लिटर मद्यार्कामागें सुमारें पाऊण किलो स्वच्छ कर्बाम्ल वायु पिंपावरून उडून जातो. ४४ लिटर मद्यार्काच्या आंबवणांतून एका गोणीपुरता वायु निघतो. युरियाचा कारखाना लहान प्रमाणावर परवडत नाहीं, ही मोठी अडचण आहे. तथापि हायड्रोजन व डिस्टिलरी यांची सोयरीक जुळवावयाची असेल तर ती चुलीपाशीं न जुळवितां या पिंपापाशीं जुळवावी, हें उघड आहे.

जमीन आणि पाणी

आतां दुसरा प्रश्न. लोक पाण्याची फार काळजी करतात. एक किलो हायड्रोजनास शुद्ध पाणी नऊ लिटर लागतें. शुद्धीकरण व थंड करणें धरून त्याहून जास्त. दिवसास एक टन वायु काढला तर एक-दोन मोठ्या टँकरांइतकें पाणी झालें. एकंदरीनें हें थोडें. पण ज्या शहापूर तालुक्यांतील भातसा व तानसा धरणांतून मुंबईस पाणी जातें, त्याच तालुक्यांतील पाडे उन्हाळ्यांत टँकरची वाट पाहतात, हें विसरून चालणार नाहीं. थोडें पाणी कोणाच्या वांट्याचें, हा प्रश्न थोडा नाहीं.

खरी मोठी मागणी जमिनीची आहे. दिवसास एक टन वायूला ५५,००० युनिट वीज लागते. एक मेगावॅटचें सौर केंद्र दिवसास सरासरी चार हजारांवर युनिट देतें व चार-पांच एकर जागा अडवितें. म्हणजे रोजच्या एका टनामागें पन्नास ते पासष्ट एकर जमीन झाली. इतक्या वायूवर दहा हजार लिटर मद्यार्क निघेल. महाराष्ट्रांत दिवसास ३०,००० लिटरची डिस्टिलरी लहान गणली जाते. तीस दीडशे ते दोनशे एकर लागतील. शिवाय सूर्य दिवसा तापतो व भट्टी रात्रंदिवस चालते. आणि साध्या दाबाखालीं एक किलो वायु सुमारें १२ घनमीटर जागा व्यापतो, म्हणून साठवणीची यंत्रें निराळीं.

आम्ही हें माजिवड्याहून लिहीत आहोंत. घोडबंदरचा व नाशिकचा रस्ता जेथें फुटतो त्या नाक्याभोंवतीं एके काळीं भातखाचरें होतीं. आज तेथें टोलेजंग इमारती आहेत. विकणाऱ्यांस भाव मिळाला, पण खाचर परत आलें नाहीं. पड व मुरमाड जमिनीवर सौर केंद्र होण्यास आमची हरकत नाहीं. भाड्याचें उत्पन्न अवर्षणांत आधारही देतें. मात्र करार करण्यापूर्वीं कागद पाहावा. सौर कृषि वाहिनी योजनेंत सरकारनें हेक्टरी सालाना १,२५,००० रुपये भाडें व दरसाल शेंकडा तीन वाढ ठरविली आहे. तो आंकडा तुलनेसाठीं हातीं ठेवावा. भाडेपट्टा नोंदणी करून घ्यावा, त्याची मुदत व मुदतीनंतर जमीन मोकळी करून देण्याची अट स्पष्ट लिहावी, आणि सातबाऱ्याच्या इतर हक्कांत काय नोंद झाली तें स्वतः वाचावें. महसुलाच्या कामांत एवढें शिकलों कीं, तोंडी आश्वासनाचा फेरफार होत नाहीं.

सभेंत विचारावयाचे प्रश्न

कारखान्याच्या वार्षिक सभेंत अशी योजना पुढें आली तर सभासदांनीं पांच गोष्टी विचाराव्या. पहिली, वीज कोठून येणार, व रात्रीं कोठून? दुसरी, एका टन वाफेस आज काय पडतें व उद्यां काय पडेल? तिसरी, वाचलेलें चिपाड कोणास, कोणत्या भावानें जाणार, व तो पैसा उसाच्या भावांत दिसेल काय? चौथी, सांडपाण्याची व्यवस्था आधीं पुरी झाली आहे काय? पांचवी, अपघाताची तयारी काय? हवेंत शेंकडा चारपासून पंचाहत्तरपर्यंत हायड्रोजन मिसळला तर ठिणगीनें भडका उडतो, त्याची ज्योत दिवसा दिसतही नाहीं, आणि डिस्टिलरींत मद्यार्काची वाफ आधींच असते.

या पांचही प्रश्नांचीं उत्तरें आंकड्यांत मिळालीं व तीं पटलीं, तर योजनेस खुशाल अनुमति द्यावी. नुसत्या हरित या शब्दावर मात्र हात वर करूं नये. ज्याच्या उसानें भट्टी पेटते, त्यानें तिच्या जळणाचा जमाखर्च मागणें हा त्याचा हक्क आहे. आणि तो मागितल्यानें खऱ्या सुधारणेचें नुकसान होत नाहीं.